विद्यार्थी, इंटरनेट आणि आपल्या मंडळाचे कर्तव्य

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी झालेल्या भाषणाचा पाठ)



 गुणगौरवाच्या सभेत वक्त्याने काय बोलावे, याचा एक संकेतच ठरून गेला आहे. यशस्वी मुलांचे अभिनंदन करावे, आईबापांच्या कष्टांचा उल्लेख करावा, आशीर्वाद द्यावा आणि खाली बसावे. अभिनंदन तर आम्ही मनःपूर्वक करतोच. परंतु याच व्यासपीठावर दोन-तीन वर्षांपूर्वी दहावी-बारावीचे पारितोषिक घेऊन गेलेली काही मुले आज सभागृहात दिसत नाहीत. त्यांची नावे कोणी पुकारली नाहीत, कारण महाविद्यालयाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातच ती अडखळली आहेत. त्यांची बुद्धी आटली नाही, आणि फी भरण्यास घरात पैसा नव्हता असेही प्रत्येक वेळी नाही. त्यांच्या रात्री कोठे तरी खर्ची पडल्या. त्या कोठे गेल्या आणि त्या परत मिळविण्यासाठी आपणांस काय करता येईल, याविषयी आज बोलावे असे आम्ही ठरविले आहे.

आपली पिंपरी-चिंचवडची वस्ती भोंग्यावर वाढली. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि चिंचवड, भोसरी, आकुर्डीच्या माळरानावर कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० साली येथे नगरपालिका आली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पुढे कारखानदारीचा ओघ चाकणकडे वळला. १९९९ मध्ये तेथे बजाजचा व २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि ज्या शिवारात कांदा पिकत होता तेथून मोटारी बाहेर पडू लागल्या. सातारा, सांगली, सोलापूर, खानदेश, मराठवाडा येथून आपली माणसे एकेक ट्रंक घेऊन या पट्ट्यात आली, पाळ्यांत राबली आणि बोनसच्या पैशांतून त्यांनी मुलांच्या फिया भरल्या. आज आपल्या समाजात जी अभियंत्यांची, परिचारिकांची, शिक्षकांची पिढी दिसते ती या पाळ्यांनी घडविली आहे.

या भोंग्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. भोंगा काम सुरू करवीत असे, तसाच तो काम थांबवीतही असे. आणि हे थांबणे माणसास फुकट मिळालेले नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांस आठवड्यातून एक दिवस सुट्टी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, तेव्हा कोठे १८९० साली रविवारची सुट्टी मान्य झाली. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घातली आणि फिरत्या यंत्रास जाळी लावणे मालकावर बंधनकारक केले. आपल्या पिंपरी-भोसरी पट्ट्यात गुरुवारी सुट्टी असते, तिचाही उगम याच परंपरेत आहे. यंत्र थकत नाही, माणूस थकतो. यास्तव यंत्राच्या वेळेस हद्द घालावी लागते, आणि ती एकट्यादुकट्याने घालता येत नाही, दहाजणांनी मिळून घालावी लागते. एवढे एकच सूत्र आज आम्हांस आपल्यापुढे मांडावयाचे आहे. कारण आपल्या मुलांच्या हाती जे नवे यंत्र आले आहे, त्यास भोंगाही नाही आणि साप्ताहिक सुट्टीही नाही.

या यंत्राचे आम्ही शत्रू नाही, हे प्रथमच सांगितलेले बरे. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी इंटरनेट सर्वसामान्यांस खुले झाले, तेव्हा ते मूठभरांचे होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले. त्यापूर्वी एका जीबीसाठी अडीचशे रुपयांच्या आसपास मोजावे लागत. ते दर पाहता पाहता कोसळले आणि इंटरनेट कंत्राटी कामगाराच्या खोलीतही पोहोचले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीने महाविद्यालये बंद झाली आणि जवळजवळ दोन वर्षे मोबाइल हाच फळा व मोबाइल हाच वर्ग झाला. ज्या घरात पुस्तकांचे कपाट नाही, त्या घरातील मुलीस आज जगातील उत्तमोत्तम प्राध्यापकांची व्याख्याने ऐकता येतात. दिवसा चाकणला यंत्रावर उभा राहणारा तरुण रात्री मुक्त विद्यापीठाच्या पदवीचा अभ्यास करू शकतो. हे वरदान आहे. त्यास शाप म्हणणे कृतघ्नपणाचे होईल.

मग रोग कोणता? याविषयी आपल्यांत बरेच गैरसमज आहेत. मूल तासभर मोबाइल पाहत बसले की काही घरांत 'व्यसन लागले' म्हणून आरडाओरडा होतो. उलट काही घरांत मुलगा पहाटे चारपर्यंत जागतो, तरी 'हल्लीची मुले अशीच' म्हणून सोडून दिले जाते. केवळ तास मोजून ही परीक्षा होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने रोगांच्या आपल्या अकराव्या वर्गीकरणात संगणकीय खेळांच्या विकारास स्थान दिले. २०१९ साली त्या वर्गीकरणास मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात तीन लक्षणे सांगितली आहेत. खेळ केव्हा सुरू करावा व केव्हा थांबवावा यावरचा ताबा सुटणे, हे पहिले. अभ्यास, जेवण, झोप, मित्र या सर्वांहून खेळास वरचे स्थान मिळणे, हे दुसरे. आणि नुकसान डोळ्यांपुढे दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, हे तिसरे. ही स्थिती साधारणतः वर्षभर टिकली तर वैद्य तीस विकार म्हणतात. समाजमाध्यमे किंवा रील पाहण्याची सवय यांस त्या वर्गीकरणात अद्याप स्वतंत्र रोगाचे नाव दिलेले नाही. तथापि हीच तीन लक्षणे तेथेही लावून पाहिली, तर आपल्या मुलाचे पाऊल कोणीकडे पडत आहे हे आईबापांस कळू शकेल. ऊठसूट रोगाचा शिक्का मारू नये, आणि शिक्का मिळेपर्यंत वाटही पाहू नये, हा मध्यममार्ग होय.

आता हे यंत्र मनाची पकड कशी घेते, ते पाहू. आपल्यापैकी अनेकांचे आयुष्य कारखान्यात गेले आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर दोन बटणे असतात. दोन्ही हात दोन बटणांवर असल्याखेरीज प्रेस खाली येत नाही. ही योजना आकाशातून पडली नाही. पुष्कळ कामगारांची बोटे गेली, तेव्हा ती सुचली. मोबाइलच्या बाबतीत उलट घडले आहे. तेथे असलेले अडसरही काढून टाकले गेले. पूर्वी संकेतस्थळावरील पान संपत असे आणि पुढील पानासाठी बटण दाबावे लागे. त्या क्षणी माणूस उठू शकत असे. २००६ साली एझा रास्किन या तज्ज्ञाने पान कधीच संपू नये अशी युक्ती काढली. पुढे तिचे परिणाम पाहून त्यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला, पण युक्ती मात्र जगभर पसरली.

दुसरी गोष्ट त्याहून खोल आहे. स्किनर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात कबुतरांवर प्रयोग केले. ठराविक टोचींनंतर दाणा मिळत असेल, तर पक्षी दाणा मिळाल्यावर क्षणभर विसावतो. परंतु दाणा केव्हा मिळेल याचा काही नेमच नसेल, तर तो विसावा न घेता टोचीत राहतो. बोटाने पडदा वर सरकविणारा आपला मुलगाही पुढच्या वेळी काही तरी गमतीचे निघेल या आशेवर असतो. नेम नसणे हेच तेथील आमिष होय. कारखान्यात कच्चा माल पोलादाचा असतो. या कारखान्यात कच्चा माल आपल्या मुलांचे लक्ष हा आहे. पडद्यावर ते जितका वेळ खिळून राहील, तितका जाहिरातदार पैसा मोजतो. एकोणीस वर्षांच्या मुलासमोर एकीकडे त्याची इच्छाशक्ती आणि दुसरीकडे हजारो हुशार अभियंत्यांचे कसब, असा हा विषम सामना आहे. तेव्हा 'मनाचा निग्रह कर' एवढेच सांगून मोकळे होणे म्हणजे प्रेसची जाळी काढून कामगारास 'बोटे सांभाळ' म्हणण्यासारखे आहे.

आता असा प्रश्न येईल की, मोबाइल सर्वांच्याच हाती आहे. मग काहीच मुले का वाहवत जातात? याचे उत्तर बहुधा मोबाइलच्या बाहेर सापडते. आमच्या परिचयातील एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नावाचे प्रयोजन नाही. वडील चाकणच्या एका कारखान्यात, आई घरी शिवणकाम करणारी. मुलगा बारावीपर्यंत मराठी माध्यमात पहिल्या पाचांत. अभियांत्रिकीस प्रवेश मिळाला आणि सर्व विषय एकदम इंग्रजीतून समोर आले. वर्गात प्रश्न विचारण्याची लाज वाटे. पहिल्या सत्रात तीन विषय राहिले. घरी सांगावे कसे? ज्या बापाने ओव्हरटाइम करून फीचा हप्ता भरला, त्यास 'मी नापास झालो' हे सांगण्याचे धैर्य त्यास झाले नाही. खेळात मात्र तो नापास होत नव्हता. तेथे त्यास मान होता, सोबती होते, रोज नवी पायरी होती. वडील रात्रपाळी करून सकाळी येत, तेव्हा मुलगा झोपलेला असे. 'रात्री जागून अभ्यास केला असेल' म्हणून ते हलक्या हाताने दार ओढून घेत.

पुढे कोणा मित्राने त्यास क्रिकेटचा संघ निवडून पैसे लावावयाचा खेळ दाखविला. प्रथम काही शेकडे मिळाले. मग गेलेले पैसे परत आणण्यासाठी आणखी पैसे लावणे सुरू झाले. एका सत्राच्या फीचा हप्ता त्यात गेला, तो भरून काढण्यासाठी मोबाइलवरूनच चढ्या व्याजाचे कर्ज घेतले गेले, आणि वसुलीचे दूरध्वनी आईच्या मोबाइलवर येऊ लागले तेव्हा घरास कळले. त्या मुलाच्या मामांनी न रागावता त्यास जवळ बसविले, समुपदेशकाकडे नेले, कर्जाची यादी करून एकेक फेडले. वर्ष वाया गेले. मुलगा मात्र हाती राहिला. आज तो राहिलेले विषय देत आहे. समाजात मात्र या अवधीत काय काय बोलले गेले, आणि त्याच्या बहिणीच्या स्थळांवर त्याची छाया कशी पडली, ते आपणांपैकी काहींस ठाऊक असेल.

या हकीकतीत मोबाइल शेवटी येतो. इंग्रजीची भीती, नापासाची लाज आणि एकटेपणा ही आधी येतात. खोल्यांत कॉट भाड्याने घेऊन राहणारी गावाकडील मुले, पाळ्यांमुळे एकमेकांस न भेटणारी कुटुंबे, सायंकाळी बसावयास जागा नसलेली वस्ती, या सर्वांचा त्यात वाटा आहे. चाकणच्या संग्रामदुर्गाचा इतिहास आपण जाणता. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर मावळ्यांनिशी शाएस्तेखानाच्या फौजेस जवळजवळ दोन महिने दाद दिली नाही. अखेर खानाने जमिनीखालून सुरुंग लावला आणि बुरूज उडाला. आपणही मुलांभोवती शिस्तीचे तट उभारीत असतो. परंतु भीतीचा आणि एकटेपणाचा सुरुंग तटाखालून येतो.

पैशांच्या खेळाविषयी आणखी दोन शब्द. ऑक्टोबर २०२३ मध्ये आपल्याच पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकास अशा ऑनलाइन क्रिकेट खेळात दीड कोटी रुपये लागल्याची वार्ता घरोघर पोहोचली. पुढे त्याच अधिकाऱ्यावर निलंबनाची कारवाई झाली. तरुणांच्या मनात दीड कोटी तेवढे राहिले. आता ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ चालविण्यास व त्यांची जाहिरात करण्यास बंदी केली आहे. कायदा स्वागतार्ह आहे. परंतु दारूबंदी झाली म्हणून गावातील दारू संपत नाही, हा अनुभव महाराष्ट्रास नवा नाही. कायद्याने दुकान बंद होईल. तलफ घरातच शमवावी लागेल.

उपायांकडे वळण्यापूर्वी काही अपायांचा निर्देश केला पाहिजे. संतापाने मोबाइल आपटणे, चारचौघांत मुलास 'बिघडलेला' म्हणणे, एकदम सर्व बंद करणे, यांनी रोग लपतो, बरा होत नाही. महाविद्यालयाचा अभ्यास, हजेरी, परीक्षेचे अर्ज, नोकरीच्या मुलाखती सर्व त्याच यंत्रावर आहेत. ते सर्वस्वी हिरावून घेणे म्हणजे मुलाची वही काढून घेणे होय.

दुसरा अपाय अधिक लाजिरवाणा आहे आणि तो आपल्यांत सर्रास आढळतो. मुलाच्या हाती मोबाइल रात्रभर असतो, त्यास कोणी विचारीत नाही. मुलीच्या हाती तो तासभर दिसला की संशय सुरू होतो, आणि प्रसंगी तिचे शिक्षणच थांबविण्याची भाषा निघते. माता-भगिनी समोर बसल्या आहेत, म्हणून स्पष्ट बोलतो. शिस्त असेल तर ती दोघांस सारखी असावी. मुलीसाठी तो मोबाइल म्हणजे पुष्कळदा ग्रंथालयाची एकमेव खिडकी असते. रोगाचे निमित्त करून ती खिडकी बंद करणाऱ्या घरास हितचिंतक म्हणता येणार नाही.

तिसरी गोष्ट आम्हां वडीलधाऱ्यांची. जेवताना एका हातात घास व दुसऱ्या हातात मोबाइल, हे चित्र आता केवळ तरुणांचे राहिलेले नाही. सकाळी उठल्याबरोबर फुलांची चित्रे पाठविणारे आणि रात्री अकरा वाजता राजकारणावर हातघाईस येणारे कोण, हे आपल्याच समाजाच्या व्हॉट्सॲप समूहांत डोकावले तर दिसेल. मुले आपले शब्द ऐकत नाहीत. ती आपले वागणे वाचतात.

आता सांगली जिल्ह्यातील एका गावाची गोष्ट ऐका. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती मोबाइल गेला तो शाळा उघडल्यावरही सुटेना, हे पाहून २०२२ साली ग्रामस्थांनी एक निर्णय केला. सायंकाळी सात वाजता मंदिरावरील भोंगा वाजतो. घराघरांतील दूरदर्शन संच व मोबाइल बंद होतात. मुले अभ्यासास बसतात, मोठी माणसे वाचतात किंवा एकमेकांशी बोलतात. साडेआठला पुन्हा भोंगा होतो आणि ज्याचा तो मोकळा. आरंभी लोक हसले, काहींनी टाळाटाळ केली. तेव्हा गावातील मंडळी घरोघर जाऊन समजावू लागली. बाहेरच्या देशांतील वृत्तसंस्थांनीही या गावाची दखल घेतली.

यात शिकण्यासारखे काय आहे? या नियमात मोबाइलचा द्वेष नाही. दिवसाच्या चोवीस तासांतील केवळ दीड तास त्यांनी मागितला. तो लहानथोर सर्वांस सारखा आहे. आणि मुख्य म्हणजे तो सर्वांनी एकाच वेळी पाळावयाचा आहे. एकट्या मुलाने सायंकाळी मोबाइल ठेवून दिला, तर मित्रांच्या गप्पा चालू आणि आपण बाहेर, ही हुरहूर त्यास लागते. सर्वांचाच बंद असेल, तर चुकते काय? लोखंड्यांनी मागितलेली सुट्टी एका कामगाराची नव्हती, सर्व गिरणगावाची होती, हे येथे आठवते. हद्द एकट्याने घातली की ती शिक्षा वाटते. सर्वांनी मिळून घातली की ती रीत होते.

अशी रीत घालण्याचे सामर्थ्य आजच्या काळात कोणाकडे आहे? शहर मोठे, शेजारी अनोळखी. महाविद्यालय दुपारी सुटते, कारखाना पाळीपुरता. परंतु ज्ञातिसंस्थेस घराच्या उंबरठ्याच्या आत प्रवेश आहे. या संस्था केवळ वधूवर मेळावे भरविण्यासाठी जन्मास आल्या नाहीत. छत्रपती शाहू महाराजांनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची मालिका उभी केली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांस एका पंगतीत बसवून शिकविले. त्या वसतिगृहांनी मुलांस छप्पर व अन्न दिले, तसेच उठण्याची, अभ्यासाची व निजण्याची वेळही दिली. आज आपल्या बहुतेक मुलांस छप्पर आहे, अन्न आहे. वेळेची ती घंटा मात्र हरवली आहे. ती पुन्हा बांधणे हे आपल्या मंडळाचे या पिढीतील शैक्षणिक कार्य होय, असे आम्हांस वाटते. आणि त्या घंटेखाली केवळ आपल्याच समाजाची मुले बसावीत असा आग्रह आम्ही धरणार नाही. शेजारचे मूल आले तर त्यासही सतरंजी मिळावी.

या दृष्टीने कार्यकारिणीच्या विचारार्थ काही सूचना सादर करतो.

पहिली सूचना अभ्यासिकेची. रोज सायंकाळी सात ते नऊ अभ्यासिका उघडी असावी. दाराशी लहान खणांचे कपाट असावे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाने आपला मोबाइल त्यात ठेवावा. कार्यवाह आले तर त्यांचाही तेथेच राहील. ज्यास अभ्यासासाठी इंटरनेट हवे, त्याच्यासाठी दोन संगणक सर्वांच्या दृष्टीस पडतील असे मांडावेत.

दुसरी सूचना प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांविषयी. आपण शिष्यवृत्तीचा धनादेश देतो आणि कर्तव्य संपले असे मानतो. त्या धनादेशाबरोबर एक वडील विद्यार्थी द्यावा. त्याने पंधरवड्यातून एकदा या मुलास भेटावे आणि कोणता विषय जड जातो ते विचारावे. इंग्रजी व गणित यांचे विनामूल्य वर्ग पहिल्याच सत्रात व्हावेत. परीक्षेची भीती कमी झाली, तर पळण्याची वाटही कमी लागेल.

तिसरी सूचना गुरुवारची. या पट्ट्यातील अनेक घरांत वडिलांस त्या दिवशी सुट्टी असते. गुरुवारची सायंकाळ कबड्डी, भजन, वाचन, इंद्रायणीकाठी देहू-आळंदीपर्यंतची पायी फेरी अशा एकत्र कार्यक्रमांस राखून ठेवावी. मुलांच्या हातून काही काढून घेतले, तर त्या हातांत दुसरे काही दिले पाहिजे. रिकामा हात पुन्हा खिशाकडेच जातो.

चौथी सूचना नाजूक आहे. खेळात पैसा घालविलेल्या किंवा कर्जात सापडलेल्या मुलास निर्भयपणे जेथे बोलता येईल, अशी तीन विश्वासू व्यक्तींची समिती असावी. त्यांत एक भगिनी असावी. तेथे बोललेले बाहेर जाणार नाही, अशी समितीने शपथ घ्यावी. ज्या समाजात कबुली दिल्याबरोबर बहिणीचे लग्न मोडते, त्या समाजात कोणी कबुली देत नाही. आणि जे सांगितले जात नाही, ते बरे होत नाही. प्रसंगी हा अबोला जिवावरही बेततो.

जेथे घरचे उपाय पुरत नाहीत, तेथे जाणकारांकडे जाण्यास लाजू नये. पुण्यास येरवड्याला डॉ. अनिल व डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्या हाकेच्या अंतरावर आहे. दारूबरोबर मोबाइलच्या व्यसनाचाही विचार आता तेथे होतो. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने तर २०१४ सालापासूनच या प्रश्नासाठी स्वतंत्र चिकित्सालय चालविले आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस सेवा चालू आहे; १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, मराठीतून व विनामूल्य बोलता येते. मुलाची झोप उडाली असेल, तो खिन्न असेल, जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर संमेलनाची वाट न पाहता त्याच दिवशी तो क्रमांक फिरवावा. पुष्कळदा खिन्नता आधी असते आणि मोबाइल हा तिच्यावरचा चुकीचा लेप असतो. वैद्यास ते ओळखता येते.

पाचवी सूचना सर्वांत स्वस्त आहे. आपल्या मंडळाचे सर्व व्हॉट्सॲप समूह रात्री दहा ते सकाळी सहा बंद राहावेत. निधनवार्तेखेरीज त्या वेळेत काही पाठवू नये. हा ठराव करण्यास पैसा लागत नाही, आणि वडीलधाऱ्यांनी आरंभ केला असे मुलांस दिसेल.

विद्यार्थिमित्रांनो, आता थोडे तुमच्याशी. तुम्हांस आम्ही उपदेशाचा डोस पाजणार नाही. एक प्रयोग मात्र करून पाहा. आठ दिवस रात्री निजताना मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. एकच खोली असेल तर कपाटात ठेवा. गजरासाठी साधे घड्याळ आणा. आठ दिवसांत हे जमले, तर तुम्ही मालक आहात असे समजा. जमले नाही, तर घाबरू नका, आणि स्वतःस नालायक ठरवू नका. ज्याच्याशी मोकळे बोलता येईल अशा एकास ते सांगा. तुमच्या वडिलांनी यंत्रावर आयुष्य काढले, परंतु पाळी संपली की ते यंत्राकडे पाठ फिरवून घरी आले. तुम्हांसही यंत्रावरच काम करावयाचे आहे, कदाचित त्यांच्यापेक्षा अधिक बुद्धिमान यंत्रावर. पाठ फिरविण्याची ती विद्या त्यांच्याकडून शिकून घ्या. ती कोणत्याही विद्यापीठात शिकवीत नाहीत.

आणि पालकांनो, रात्रपाळीहून आल्यावर मुलगा निजलेला दिसला, तर दार ओढून घेण्यापूर्वी क्षणभर त्याच्याजवळ बसा. रागावू नका, तपासणी करू नका. दुपारी त्याच्याबरोबर जेवा आणि विचारा, 'कसे चालले आहे?' पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. चौथ्या दिवशी मिळेल.

कार्यकारिणीने या सूचनांपैकी एक जरी या वर्षात अमलात आणली, तरी पुढील संमेलनात सत्काराच्या यादीबरोबर आणखी एक यादी वाचता येईल. अडखळून पुन्हा उभ्या राहिलेल्या मुलांची. तिच्यात नावे वाचू नयेत, केवळ संख्या सांगावी. त्या संख्येसाठी वाजलेल्या टाळ्या आम्हांस अधिक गोड वाटतील.